चौथा गडी

रमजानच्या रात्रीचे वेळापत्रक ठरलेले असते. इशाची नमाज, तिला जोडून तरावीहची लांब नमाज, सव्वादहा-साडेदहाला मशिदीबाहेर सांडणारी गर्दी, मग कोपऱ्यावरचा चहा, एखादा मालपुवा. अकरापर्यंत थोर माणसे घरी जातात. सहरीची वेळ संपते पहाटे साडेपाच-पावणेसहाला. मधले तास झोपेचे, निदान कागदावर. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांच्या हिशेबात ते झोपेचे नसतात. नेरूळ, कोपरखैरणे, तळोजा, पनवेल, कुठल्याही वस्तीत या दिवसांत रात्री एकच्या सुमारास चक्कर मारा. जिन्यात, पार्किंगमधल्या स्कूटरवर, बंद दुकानाच्या पायरीवर चार-चार मुले मोबाइल आडवे धरून बसलेली दिसतील. आणि कानावर पडेल ते असे : "मी पडलोय, उठव मला." "झोन आला, पळ." "वरच्या मजल्यावर दोघं आहेत, एकटा जाऊ नको."

या पानावर एरवी रोजा, जकात, शीरखुर्मा यांविषयी लिहिले जाते. आज या मुलांविषयी लिहिते आहे, कारण शेजारपाजारचे हिंदू मित्र दर रमजानला मला एकच प्रश्न विचारतात : उपवासाच्या महिन्यात ही मुले रात्रभर बंदुकीचा खेळ कशी काय खेळतात? प्रश्नात टीका कमी आणि काळजी जास्त असते. कारण विचारणाऱ्याच्या घरातही तेच चाललेले असते. फक्त सहरीचे निमित्त नसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शंभर खेळाडू एका विमानातून ओसाड बेटावर पॅराशूटने उतरतात. मूळ बेट आठ किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद. उतरताना हात रिकामे. पडक्या घरांत शिरून बंदूक, चिलखत, मलमपट्टी शोधायची. थोड्या वेळाने नकाशावर एक वर्तुळ उमटते. जो त्याच्या बाहेर राहील त्याचा जीव झिजत जातो. वर्तुळ दर काही मिनिटांनी आकसते, माणसे एकमेकांच्या जवळ ढकलली जातात, आणि शेवटी एकच जण किंवा एकच टोळी उरते. सगळा मामला अर्ध्या तासाचा. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसाच्या डोक्यातून हा खेळ निघाला. 'बॅटल रॉयल' या 2000 सालच्या जपानी चित्रपटाचा त्यावर मोठा प्रभाव आहे. 2017 मध्ये तो संगणकावर आला, मार्च 2018 मध्ये मोबाइलवर, आणि 'पबजी' हा शब्द आपल्याकडच्या आजीबाईंनाही पाठ झाला. आज भारतात तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे मुलांच्या भाषेत 'बीजीएमआय', या नावाने चालतो. 'फ्री फायर' हे त्याच कुळातले, स्वस्त फोनवर चालणारे भावंड : पन्नास खेळाडू, दहा मिनिटे, निकाल. जिंकणाऱ्याच्या पडद्यावर 'विनर विनर चिकन डिनर' अशी ओळ झळकते. रोज्याच्या दिवसांत ती ओळ जरा जास्तच लागते, असे एका मुलाने मला हसत सांगितले.

ओढ कसली? बंदूक हे आमिष आहे, हे खरेच. पण गळ वेगळाच आहे, असे मला चार रात्री या मुलांच्या मागे बसून पाहिल्यावर वाटले.

आधी सोप्या गोष्टी. नवख्या खेळाडूच्या सुरुवातीच्या सामन्यांत बरेचसे शत्रू खरी माणसे नसतातच. संगणकाने चालवलेले बाहुले असतात. ते ताठ चालतात, नेम चुकवतात, उघड्यावर उभे राहतात. पोरगा पहिल्याच दिवशी तिघा-चौघांना टिपतो आणि आपल्या हातात काहीतरी आहे, असे त्याला वाटू लागते. मग घराघरांतली लूट. कुठल्या खोलीत काय मिळेल ते कधीच नक्की नसते. बक्षीस ठरलेल्या वेळी न देता अधूनमधून, अनिश्चितपणे दिले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून गेल्या शतकात दाखवले. आपल्याला कबुतरांची गरज नाही, आपल्याकडे मटका होता. आभाळातून पडणारी लाल पेटी आणि रात्रीचा आकडा यांची जातकुळी एकच.

तिसरी गोष्ट मला एका दहावीतल्या मुलाने समजावली. यंदा परीक्षा आणि रमजान एकाच वेळी आल्याने बिचारा दोन्हीकडून दमलेला. तो म्हणाला, "खाला, इथे शंभरातले नव्व्याण्णव हरतात. त्यामुळे हरलं तरी कोणी काही बोलत नाही." सराव परीक्षेच्या गुणांवरून घरात रोज बोलणी खाणाऱ्या मुलाच्या तोंडून हे ऐकताना मी गप्प झाले. हरल्यावर अर्ध्या मिनिटात पुन्हा विमानात बसता येते, पुन्हा सगळे सारखेच रिकाम्या हाताचे. अशी दुसरी जागा त्याच्या आयुष्यात कुठली?

या सगळ्यावर वरचढ ठरते ती टोळी. एकट्याने खेळता येते, दोघांनी येते, पण खरी मजा चौघांची, असे मुले एकमुखाने सांगतात. कानात इअरफोन, चौघांचे आवाज एकमेकांत. गोळी लागली की खेळाडू लगेच मरत नाही, गुडघ्यांवर येतो, रांगू लागतो. त्याचा जीव हळूहळू उतरत जातो आणि सोबत्याने जवळ येऊन काही क्षण थांबून त्याला उठवले तर तो वाचतो. ते काही क्षण उठवणाऱ्याची पाठ उघडी असते. मागून कोणी आले तर दोघेही गेले. म्हणून "उठव मला" ही हाक इतक्या काकुळतीने येते, आणि कोण धावत आला, कोण भिंतीमागे लपून राहिला, याची आठवण मुले महिनोन्महिने ठेवतात.

मराठी माणसाला यात परके काही वाटायचे कारण नाही. आपल्या कबड्डीत संजीवनी नावाचा प्रकार आहे. आपल्याकडून समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन मैदानात परततो. बाजूला बसलेला गडी त्या एका क्षणाची वाट पाहत सोबत्यांच्या नावाने ओरडत असतो. नवी मुंबईची मूळ गावे आगरी-कोळ्यांची, आणि इथे कबड्डीचे वेड किती जुने आहे हे वेगळे सांगायला नको. बाद होऊन बसलेल्याला कोणीतरी उठवते, ही त्या खेळातली गोडी या खेळाने बरोबर उचलली आहे.

मी ज्या टोळीच्या मागे बसले, तिच्यातला एक माझा भाचा. वाशीच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. दुसरा करावे गावातला आगरी मुलगा. तिसऱ्याचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसीच्या भाजी मार्केटात माथाडी कामगार, घर कोपरखैरण्याला. चौथा नागपूरला असतो. दोन वर्षांपूर्वी वडिलांची बदली झाली आणि तो शहरातून गेला, टोळीतून नाही गेला. चौघे नेरूळच्या एका शाळेत एका बाकाच्या मागेपुढे बसत. आता त्यांचे कॉलेज वेगळे, वेळा वेगळ्या. आठवड्यातून चार-पाच रात्री ते बेटावर भेटतात. पहिली दहा मिनिटे लूट गोळा करताना ज्या गप्पा चालतात त्यात बंदुकीचा विषय क्वचितच निघतो. कोणाच्या आजीचे गुडघ्याचे ऑपरेशन, कोणाच्या बहिणीचे ठरत आलेले लग्न, एटीकेटी, वडा कुठला चांगला. आमच्या पिढीत हे कट्ट्यावर होत असे.

माथाड्याच्या मुलाचे वडील पहाटे तीनच्या सुमारास मार्केटला निघतात. ते निघाले की मुलगा जागा होतो आणि रमजानभर माझ्या भाच्याला फोन करतो : "ऊठ, सहरी कर." बहिणीच्या घरात गजराचे घड्याळ आहे, पण भरवसा या फोनवर.

ओळखीची टोळी का हवी, याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या गावाने ऐकून घ्यावे असे आहे. एकटे खेळायला गेले तर यंत्र देशभरातले कोणीही तीन अनोळखी सोबती जोडून देते. तिथे नाव मुसलमानाचे दिसले की काही वेळा शेरे येतात. एखादा तर 'तिकडे जा' म्हणून टोळीतल्या माणसालाच गोळी घालायला निघतो. भाच्याने खेळातले नाव बदलून असे ठेवले आहे की त्यावरून धर्म सोडा, माणूस की यंत्र हेही कळू नये. "आपल्या मोहल्ल्यातली पोरंही दुसऱ्यांना काही कमी बोलत नाहीत," हेही त्यानेच सांगितले. आमच्या इमारतीत इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी उत्तम खेळते, पण माइक बंद ठेवून. आवाज ऐकू गेला की पुढचा अर्धा तास खेळ राहतो बाजूला. सोबतीसाठी आलेल्या जागेत तिला मुके राहावे लागते. मला या खेळातली ही सर्वांत वाईट गोष्ट वाटते, आणि तिच्यावर ना कोणी याचिका केली ना फतवा काढला.

रात्रीची ही सवय नेमकी कधी जडली, ते मी मुलांना विचारले. उत्तर एकच आले : टाळेबंदी. 2020 चा रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला तेव्हा मशिदी बंद होत्या. तरावीह घरात, इफ्तार घरात, ईदची नमाजही घरात. तरावीहनंतर मशिदीच्या दाराशी मुलांचे जे टोळके जमते, ज्याच्यावर म्हातारे दरवर्षी ओरडतात, ते त्या वर्षी जमलेच नाही. तेव्हा तेरा वर्षांचा असलेला माझा भाचा आणि त्याचे दोस्त त्या महिन्यात बेटावर जमू लागले. मशिदीची दारे उघडली, पण ती वेळ त्यांची होऊन बसली.

आणि आपले शहर तर या खेळासाठी जणू बांधूनच दिलेले. 5 सप्टेंबर 2016 ला जिओची सेवा सुरू झाली, तिचा कारभार चालतो घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि महिनाभर पुरवून वापरावा लागे. नंतर रोजचा एक-दीड जीबी हातात आला. पबजी मोबाइलवर आला तो त्यानंतर दीड वर्षाने. वाट आधीच तयार होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे एके काळी रासायनिक कारखान्यांचा वास येई, तिथे ऐरोली, रबाळे, महापे भागात आता डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. खेळणाऱ्या मुलांना त्यांचे महत्त्व बरोबर कळते. आपण बटण दाबल्यापासून सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे 'पिंग'. तो मिलिसेकंदात मोजतात. सर्व्हर मुंबईच्या आसपास असेल तर पिंग कमी, गोळी वेळेवर सुटते. नागपूरचा दोस्त हरला की पिंगला शिव्या देतो आणि बाकीचे तिघे त्याला "मग ये परत" म्हणतात.

याच घणसोलीची दुसरी गोष्ट. तिथे शासकीय क्रीडासंकुलासाठी वीस एकर जागा 2003 मध्ये ठरली होती. पुढे त्या जागेतला भाग बांधकामासाठी देण्यात आला आणि 2021 मध्ये सरकारने संकुलच रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, नाणोरे गावी, हलवायचे ठरवले. शंभराहून अधिक किलोमीटर दूर. घणसोलीच्या मुलाने संध्याकाळी शाळा सुटल्यावर बॅडमिंटनला माणगावला जायचे! वास्तुरचनाकारांच्या संघटनेने दाद मागितली आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हलवण्याचा तो निर्णय रद्द केला. निकाल मुलांच्या बाजूने लागला, पण निकालावर क्रिकेट खेळता येत नाही. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली तेव्हा मुंबईची दाटी टाळणारे, मोकळा श्वास घेणारे शहर असा नव्या मुंबईचा नकाशा होता. नकाशात मैदाने आजही आहेत. अनेक ठिकाणी ती शाळेच्या कुंपणात आहेत आणि शाळा सुटली की फाटकाला कुलूप. टर्फ आहेत, ते तासाच्या भाड्याने. दहा जणांत पैसे वाटले तरी माथाड्याच्या मुलाला आठवड्यातून एकदाच परवडते. बेट मात्र आठ गुणिले आठ किलोमीटर, चोवीस तास उघडे आणि फुकट.

फुकट हा शब्द सांभाळून वापरायला हवा. खेळ फुकट, पण पोशाख, बंदुकीवरची नक्षी, मोसमाचा पास या गोष्टी पैशाच्या. त्यांनी नेम सुधारत नाही, फक्त दिसण्याला भाव येतो. ईदचे नवे कपडे घ्यायचे पैसे खेळातल्या पोशाखावर गेले, असा एक किस्सा मी ऐकला आहे. 2021 मध्ये खेळ नव्या नावाने परत आला तेव्हा कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी खर्चाची मर्यादा घातली : दिवसाला सात हजार रुपये. महिन्याला नव्हे, दिवसाला. त्या रकमेत तळोज्यात एखाद्या घराचे महिन्याचे भाडे निघते.

बंदीची कहाणीही सांगायला हवी, कारण आई-बाप पहिला विचार तोच करतात. जानेवारी 2019 मध्ये दिल्लीत परीक्षेवरच्या कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी "पबजीवाला आहे का?" असे विचारले आणि सभागृह हसले. त्याच सुमारास मुंबईतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली : या खेळाने हिंसा आणि दादागिरी वाढते, तो बंद करा. अकरा वर्षांचा मुलगा! मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात मनाईहुकूम काढला आणि खेळताना सापडलेल्या दहा जणांना पकडले, त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते. अखेर 2 सप्टेंबर 2020 ला केंद्राने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. पण ती बंदी चीनशी सीमेवर तणाव असताना, देशाच्या सुरक्षेच्या कारणाने आली होती; मुलांची झोप हा तिचा विषय नव्हता. जुलै 2021 मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने 'बीजीएमआय' आणला. जुलै 2022 मध्ये तोही बंद झाला, मे 2023 मध्ये परतला. या वेळी अटीवर, की अठराखालच्यांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा. मुलांनी त्यावर शोधलेला उपाय तुम्ही ओळखला असेलच. वडिलांचा नंबर, वडिलांचे वय. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ, वय छप्पन, या खेळात फार वरच्या दर्जाला पोचलेले आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही.

दरम्यान सरकारी दप्तरात या खेळांची पतही वाढली. डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सला केंद्राने क्रीडा खात्याखाली आणले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत पबजीसाठी खास आवृत्ती बनवली होती. तिच्यात माणसाने माणसावर गोळी झाडायची नव्हती. गाड्या हाकायच्या, निशाणांवर नेम धरायचा आणि चौघांनी मिळून वेळेत पोचायचे. मला ती आवृत्ती खेळायला मिळाली तर आवडेल. भाच्याला विचारले, तर म्हणाला, "चालेल, पण मग मी पडणार कसा आणि मला उठवणार कोण?"

आता धर्माचा मुद्दा. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या उलेमा मंडळाने 2019 मध्ये हा खेळ हराम ठरवला. इराक आणि जॉर्डनने त्याच वर्षी बंदी घातली. जून 2020 मध्ये तर खेळातच एक प्रकार आला, ज्यात जंगलातल्या एका मूर्तिस्तंभापुढे खेळाडूने गुडघे टेकले की त्याला बळ मिळे. कुवेत, सौदीकडून ओरड झाली, कंपनीने माफी मागून तो भाग काढून टाकला. आमच्याकडेही जुम्म्याच्या बयानात हा विषय दर रमजानला येतो. मौलाना म्हणतात ते खरे आहे : रोजा फक्त पोटाचा नसतो, डोळ्यांचा, जिभेचा आणि वेळेचाही असतो. रात्री चारपर्यंत खेळून, सहरी उरकून, दुपारी तीनपर्यंत झोपणाऱ्याचा रोजा घड्याळात पुरा होतो. त्याची जोहरची जमात चुकते आणि भूक म्हणजे काय हे त्याला कळतच नाही.

पण 'हराम' हा शब्द उच्चारला की विषय संपला, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. ईदचा दिवस. मदिनेच्या मशिदीत काही हबशी लोक भाल्या-ढालींचा खेळ करत आहेत. पैगंबर हजरत मुहम्मद दारात उभे आहेत आणि त्यांच्या खांद्याआडून त्यांच्या पत्नी हजरत आयेशा तो खेळ पाहत आहेत, मन भरेपर्यंत. हजरत उमर यांनी खेळणाऱ्यांना हटकले, तर पैगंबरांनी त्यांना राहू दे म्हटले. शस्त्रांचा खेळ, तोही मशिदीत, तोही ईदला! बयानात मुलांना हा प्रसंगही सांगितला, तर ती मागच्या सफेतून उठून जाणार नाहीत. त्या खेळात आणि या खेळात फरक किती तरी आहे. तिथे खेळणाऱ्यांना घाम येत होता, बघणारे समोर होते आणि खेळ संपत होता.

'खेळ संपत होता' हा त्यातला सर्वांत मोठा फरक. या खेळाला शेवट नाही, नवा मोसम आहे. रोज हजेरी लावली की बक्षीस, खंड पडला की नुकसान. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले आणि 2022 पासून ती यादी लागू झाली. तिची कसोटी तासांवर नाही : खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, हे साधारण वर्षभर चालले तर तो विकार. बहुतेक मुले या व्याख्येत बसत नाहीत. जी बसतात त्यांना ओरडून उपयोग नाही, डॉक्टरकडे न्यायला हवे. नेरूळमधल्या एका बाईंनी मुलाचा फोन रागाने आपटून फोडला, तेव्हा तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याचा एक खेळगडी घरी आला. बाईंनी त्याला आयुष्यात प्रथमच पाहिले. वर्षभर रोज रात्री तो आपल्या मुलाशी बोलत होता आणि आपल्याला नाव माहीत नव्हते, याचेच त्यांना जास्त वाईट वाटले. आता तो मुलगा इफ्तारला येतो. फोन दुरुस्त झाला आहे. खेळ चालू आहे, रात्री बारापर्यंत. त्यावर रोज भांडण होते आणि ते नेहमीचे, घरगुती भांडण आहे.

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस, आता सुरू झाला आहे. या दिवसांत काही लोक मशिदीत एतेकाफला बसतात. विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी आत जायचे ते ईदचा चांद दिसेपर्यंत बाहेर यायचे नाही. तिथेच झोप, तिथेच जेवण, बाकी वेळ नमाज, कुराण आणि स्वतःशी. पूर्वी हे काम निवृत्त मंडळींचे समजत. गेल्या काही वर्षांत कॉलेजची मुलेही बसू लागली आहेत. यंदा आमच्या मशिदीत पडद्याआड बसलेल्यांत माझा भाचा आहे. कोणी सांगितले नव्हते. बहीण म्हणाली, फोन त्याने स्वतःच बंद करून कपाटात ठेवला आणि चावी तिच्या हातात दिली.

परवा करावेचा दोस्त फळे घेऊन आला होता, मशिदीत पोचवायला. मी त्याला विचारले, मग सध्या तुमचे कसे चालले आहे? खेळात चौथी जागा रिकामी असली की यंत्र तिथे कोणीतरी अनोळखी आणून बसवते, एवढे मला आता कळते. तो म्हणाला, "तो पर्याय बंद केलाय. आम्ही तिघंच उतरतो. रोज मार खातो." मग कलिंगड या हातातून त्या हातात घेत त्याने विचारले, "खाला, चांद एकोणतिसाव्यालाही दिसू शकतो ना?"